पॅकेज क्यू : बगदादवरचा हल्ला आणि सिम्युलेटरवरची आपली आखणी

१/ इतिहासाचा नाद असलेल्या तरुणांपैकी काहींना लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचाही नाद असतो. डीसीएस वर्ल्ड किंवा फाल्कन बीएमएसवर वीस-पंचवीस जण एकत्र येतात आणि एखादी गाजलेली हवाई मोहीम पुन्हा उडवून पाहतात. आजचा धागा त्यांच्यासाठी आहे. आणि 'हा तर नुसता खेळ' असे म्हणणाऱ्यांसाठीही.

२/ माझे म्हणणे आरंभीच मांडतो. हवाई मोहिमेचा इतिहास क्षेपणास्त्र चुकवण्याच्या थरारापेक्षा आखणीच्या तक्त्यात अधिक सापडतो. इंधन, वेळ आणि साहाय्यक विमाने यांची ओढाताण वगळून उडवलेली 'ऐतिहासिक' मोहीम म्हणजे इतिहासाची निव्वळ वेशभूषा होय. उदाहरण घेऊ १९ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर झालेल्या हल्ल्याचे.

३/ पार्श्वभूमी अशी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळंकृत केले. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त फौजांनी हवाई युद्ध सुरू केले. बगदादच्या मध्यवस्तीतील लक्ष्यांवर आरंभी रडारला सहज न दिसणारी एफ-११७ विमाने आणि टॉमाहॉक क्षेपणास्त्रे धाडली गेली. तिसऱ्या दिवशी मात्र भर दिवसा, नेहमीची लढाऊ विमाने मोठ्या संख्येने पाठवायचे ठरले.

४/ त्या ताफ्याचे नाव पॅकेज क्यू. हवाईदलाच्या भाषेत पॅकेज म्हणजे निरनिराळी कामे करणाऱ्या विमानांचा एकाच वेळापत्रकात बांधलेला ताफा. बॉम्बफेकीसाठी ७२ एफ-१६ नेमली होती. शत्रूच्या विमानांपासून त्यांची राखण करायला एफ-१५, रडार जॅम करायला ईएफ-१११, आणि विमानविरोधी क्षेपणास्त्रांची रडारे हुडकून त्यांवर हार्म क्षेपणास्त्रे सोडायला 'वाइल्ड वीझल' एफ-४जी. हवेत इंधन देणारे टँकर त्याखेरीज.

५/ लक्ष्ये होती तुवैथाचे अणुसंशोधन केंद्र, दौरा येथील तेलशुद्धीकरण कारखाना आणि शहरातील लष्करी मुख्यालये. यांपैकी तुवैथा इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचे असेल. ३० सप्टेंबर १९८० रोजी इराणच्या फँटम विमानांनी आणि ७ जून १९८१ रोजी इस्रायलच्या विमानांनी तेथील ओसिराक अणुभट्टीवर हल्ला केला होता.

६/ इस्रायलने १९८१ साली पाठवली होती अवघी ८ एफ-१६ आणि राखणीला ६ एफ-१५. महिनोन्‌महिने तालीम, जमिनीलगतचे उड्डाण आणि पूर्णतः अनपेक्षित घाला, यांवर त्या मोहिमेची भिस्त होती. प्रत्येक एफ-१६ ने दोन बॉम्ब टाकले, दोन मिनिटांच्या आत काम उरकले आणि सर्व विमाने परतली.

७/ एकच ठिकाण, एकाच जातीची विमाने, मधले अंतर दहा वर्षांचे. तरी १९९१ चे गणित सर्वस्वी वेगळे होते. इराककडे आता फ्रेंचांनी उभारलेली 'कारी' ही हवाई संरक्षणव्यवस्था होती. इराक या नावाचे फ्रेंच स्पेलिंग उलटे वाचले की 'कारी' होते! बगदादभोवती क्षेपणास्त्रांचे आणि तोफांचे दाट कडे होते, आणि युद्ध सुरू होऊन दोन दिवस लोटल्याने अनपेक्षितपणाचा लाभही उरला नव्हता.

८/ अशा मोहिमेला तालमीची निकड सर्वाधिक. आणि तीच मिळाली नाही. हवाई युद्धाची रोजची आज्ञापत्रे रियाधमध्ये तयार होत. शेकडो पानांचा तो दस्तऐवज तळांपर्यंत पोहोचेतो वेळ कमी उरे. पॅकेज क्यूच्या लक्ष्यांत ऐनवेळी बदल झाले. ज्या वैमानिकांनी नकाशे एका लक्ष्यासाठी अभ्यासले, त्यांना दुसऱ्यासाठी घाईघाईने तयारी करावी लागली. टँकर, राखणदार आणि हल्लेखोर वेगवेगळ्या तळांवर. एका खोलीत बसून सर्वांनी मिळून चर्चा करणे अशक्यच.

९/ मग हवामान बिघडले. ढगांतून टँकरला चिकटून इंधन घेणे हेच एक दिव्य. काही एफ-१६ लक्ष्यापर्यंत न पोहोचताच परतली. वाटेतल्या विमानविरोधी माऱ्याने आणखी काहींची फळी विस्कटली. पानिपतची चर्चा करताना आपण रसद हा शब्द उच्चारल्यावाचून राहत नाही. हवाई युद्धात त्या शब्दाचा अर्थ टँकर असा होतो.

१०/ निर्णायक गोष्ट पुढे घडली. वाइल्ड वीझल विमाने ताफ्याबरोबर आली, त्यांनी आपली क्षेपणास्त्रे सोडली आणि इंधन संपत आल्याने त्यांना परतावे लागले. शहराच्या मध्यभागाकडे निघालेल्या शेवटच्या एफ-१६ मात्र अजून लक्ष्यावर पोहोचायच्या होत्या. ज्यांच्या भीतीने इराकी रडारे बंद राहत, तेच निघून गेल्यावर रडारे बिनधास्त सुरू झाली.

११/ त्यानंतर जे घडले त्यात मेजर जेफ्री टाइस आणि कॅप्टन हॅरी रॉबर्ट्स यांची विमाने पडली. दोघेही पॅराशूटने उतरले, युद्धकैदी झाले आणि युद्ध संपल्यावर मार्च १९९१ मध्ये सुटले. त्याच तुकडीतील मेजर ई. टी. टुलिया यांनी एकामागून एक सहा क्षेपणास्त्रे चुकवली. त्यांच्या कॉकपिटमधील चित्रफीत आज आंतरजालावर सर्वत्र फिरते.

१२/ आपल्यापैकी बहुतेकांना पॅकेज क्यू ठाऊक असते ते त्या चित्रफितीमुळे. धापा टाकणारा श्वास, रेडिओवरचा कल्लोळ, वळणांवर वळणे. ती पाहून वैमानिकाच्या धैर्यापुढे मान लवते, ते योग्यच. परंतु विमानाला तेथे एकटे का पडावे लागले, हे ती चित्रफीत सांगत नाही. ते उत्तर लक्ष्यबदलाच्या आज्ञेत, टँकरच्या वेळापत्रकात आणि वीझलच्या इंधनमापकात आहे.

१३/ परिणाम लगोलग दिसला. बगदादच्या मध्यवस्तीवर एफ-१६ चे मोठे ताफे पाठवणे थांबले. ती जबाबदारी रात्री जाणाऱ्या एफ-११७ वर आली. एका दिवसाच्या अनुभवाने जगातील सर्वांत बलाढ्य हवाईदलाला आपली पद्धत बदलावी लागली. सिम्युलेटरवर या मोहिमेतून जर काही शिकायचे असेल, तर ते हेच.

१४/ आता आपल्या गटांकडे वळू. सर्वसाधारण रीत अशी : शनिवारी रात्री जमायचे, सर्वांनी एफ-१६ घ्यायची, टँकर संगणकाकडे, जॅमर संगणकाकडे, आकाश निरभ्र, टाकी भरलेली. अशा वेळी उरते ते फक्त नेमबाजीचे कसब. ते कमी मोलाचे नाही. पण त्यावर '१९ जानेवारी १९९१' अशी पाटी लावणे मला पटत नाही.

१५/ पहिली सूचना : आखणी लक्ष्यापासून मागे करा. बॉम्ब पडण्याची वेळ आधी ठरवा. तेथून उलटे मोजत शेवटचा टँकर, उड्डाण, इंजिन सुरू करणे इथपर्यंत या. एफ-१६ टँकरच्या नळीवर एका वेळी एकच लागते. प्रत्येकाला ४ मिनिटे धरली तर चौघांच्या तुकडीला १६ मिनिटे हवीत. आणि चौथ्याचे भरून होईतो पहिल्याने बारा मिनिटे जाळलेली असतात. हे कागदावर मांडले की रसद म्हणजे काय ते कळते.

१६/ तसेच वीझलचे. समजा चार-चारच्या १८ तुकड्या एकेका मिनिटाच्या अंतराने लक्ष्यावर येणार आहेत. पहिली शून्याव्या मिनिटाला, तर शेवटची सतराव्या मिनिटाला. वीझल लक्ष्याजवळ १० मिनिटेच थांबू शकत असतील, तर पहिल्या ११ तुकड्यांना छत्र मिळेल आणि ७ तुकड्या उघड्यावर पडतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण त्या दिवशीच्या संकटाचा सांगाडा याच जातीचा होता. उत्तर काय? वीझलच्या दोन पाळ्या करा, अंतर कमी करा, नाहीतर लक्ष्ये कमी करा. तिन्हींची किंमत आहे, आणि ती निवडणे म्हणजेच नियोजन.

१७/ दुसरी सूचना : साहाय्यक भूमिका माणसांना द्या. टँकरचा समन्वय, रडारवरून दिशा देणारा नियंत्रक, जॅमर, वीझल. संगणकाचा टँकर कधी उशिरा येत नाही आणि घाबरतही नाही. माणसाला मात्र दोन आवाज एकदम ऐकू आले की गोंधळ उडतो. हा गोंधळ इतिहासाचाच भाग आहे.

१८/ तिसरी सूचना : नंतरचे शहाणपण दूर ठेवा. पुढे काय घडले हे आपल्याला ठाऊक असते. १९ जानेवारीच्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून गटातील एकाने आखणीकार व्हावे, आणि इतरांना त्या दिवशी उपलब्ध असती तेवढीच माहिती द्यावी. उड्डाणाच्या तासभर आधी एका तुकडीचे लक्ष्य बदलावे. ती तुकडी कशी वागते, हे पाहण्यासारखे असेल.

१९/ चौथी सूचना : माघारीला गुण द्या. ठरावीक वेळेपर्यंत वीझल पोहोचले नाहीत तर मोहीम आवरती घ्यावी, असा नियम आधीच लिहून ठेवा. आणि तो पाळणाऱ्या नेत्याचे कौतुक करा. ज्या खेळात परत फिरणे म्हणजे हरणे, त्या खेळात सेनापतीच्या निर्णयाला जागाच उरत नाही.

२०/ यावर आक्षेप ठरलेला आहे : 'आठवडाभर राबून दोन तास मोकळे मिळतात, त्यात टँकर कोण चालवणार?' आक्षेप रास्त आहे. दर शनिवारी हे करा असे माझे म्हणणेही नाही. वर्षातून दोन मोहिमा अशा करा, आणि भूमिका फिरत्या ठेवा. एकदा वीझल होऊन इंधनाअभावी परत फिरलेला खेळाडू पुढे आयुष्यभर टुलियांची चित्रफीत वेगळ्या डोळ्यांनी पाहील.

२१/ आपल्या घरचेही उदाहरण आहे. कारगिलमध्ये २७ आणि २८ मे १९९९ या दोन दिवसांत भारतीय हवाईदलाने दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमावले. त्यानंतर खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून हल्ले करण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि मिराज-२००० पुढे आली. २४ जून रोजी टायगर हिलवर लेसरच्या साह्याने अचूक बॉम्ब पडले, ते त्या बदलाचे फळ. तेव्हाचे हवाईदल प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस.

२२/ बगदाद आणि टायगर हिल या दोन्ही प्रसंगांत धैर्याचा तुटवडा कुठेच नव्हता. फरक पडला तो फटका बसल्यावर आखणी किती लवकर सुधारली यामुळे. आणि एक विसरू नये : सिम्युलेटरवर नकाशाखाली कुणी राहत नाही, बगदाद मात्र लाखोंच्या वस्तीचे शहर होते, आणि एफ-१६ मधून पडलेले बॉम्ब मार्गदर्शित नव्हते. लक्ष्य निवडताना एकाने तरी हा प्रश्न मोठ्याने विचारावा.

२३/ पुढच्या वेळी तुमचा गट ऐतिहासिक मोहीम ठरवील, तेव्हा 'एफ-१६ कोण घेणार?' हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, टँकर कोण सांभाळणार, आणि परत फिरा असे सांगण्याचा अधिकार कुणाकडे असणार. तुमच्या गटाने अशी आखणी केली असेल, तर वेळापत्रकासकट इथे जरूर मांडा. वाचायला आवडेल.