मोटारीचे दिवे मालवले तर

पावसाळ्यात बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्या मंडळींना धुक्याचे वर्णन ऐकवावयास नको. अशा वेळी मोटारीचे पुढील दिवे मालवले, तर चालकाची गाळण उडते. परंतु दिवे गेले हे त्याला निदान समजते. मागचे तांबडे दिवे गेले, तर ते कळते केवळ मागून येणाऱ्यास, आणि कित्येकदा फार उशिरा.

दोष शोधताना प्रथम किती दिवे गेले ते पाहावे. एकच गेला असेल, तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा अर्थिंगची तार यांपलीकडे सहसा जावे लागत नाही. उजवीकडचा बल्ब डावीकडे घालून पाहिला, म्हणजे अपराधी बल्ब की तार याचा निवाडा होतो. एच-४ जातीच्या हॅलोजन बल्बात दोन तंतू असतात; म्हणून अप्पर लागतो आणि डिपर लागत नाही, यात नवल नाही. (नव्या बल्बच्या काचेस बोट लावू नये, बोटाचा तेलकटपणा तापून काच दुबळी होते.) दोन्ही दिवे एकाच क्षणी गेले, तर फ्यूज, रिले किंवा बटण पाहावे. मात्र एक बल्ब महिनाभरापूर्वीच गेलेला असतो आणि मालकाचे लक्ष दुसरा गेल्यावर जाते, असेही पुष्कळदा घडते!

फ्यूज बदलावा तो तेवढ्याच अँपिअरचा. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, असा त्यांचा रंग असतो. नवा फ्यूजही लागलीच उडाला, तर कोठेतरी तार घासून पत्र्यास टेकली आहे असे समजावे. तेथे जाड फ्यूज ठोकणे म्हणजे तारेलाच जळण्याची परवानगी देणे होय. प्रखर प्रकाशाच्या हौसेने १०० वॅटचे बल्ब बसविणारेही आहेत. वॅटला व्होल्टने भागण्याचे गणित आमचे दहावीचे विद्यार्थी तोंडी करतात: १२ व्होल्टवर ५५ वॅटचा दिवा साडेचार अँपिअर घेतो, १०० वॅटचा आठांहून अधिक. मग होल्डर वितळतो, यात होल्डरचा काय दोष?

दिवा मिणमिणत असेल, किंवा वळण्याची खूण देताच मागचा दिवाही लुकलुकू लागला, तर अर्थिंगचा गंज पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळावा. निम्मी दुखणी तेथेच बरी होतात.

नव्या गाड्यांत एक निराळाच घोटाळा आहे. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे आणि सदैव उजळलेली मीटरची तबकडी पाहून चालकास वाटते, सर्व दिवे लागले आहेत. कित्येक गाड्यांत त्या वेळी मागे काळोखच असतो. आमच्या परिचयातील एक गृहस्थ अशाच समजुतीने रात्री खानापूरपर्यंत गेले. मागच्या टँकरवाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून निभावले. तेव्हा निघण्यापूर्वी बटण फिरवून, गाडीची पाठ भिंतीकडे करून आरशात तांबडी छटा दिसते का ते पाहावे. ब्रेक दाबताच ती वाढलीही पाहिजे.

घाटातच दिवे गेले, तर धोक्याचे चारही पिवळे दिवे चालू करून गाडी डावीकडे, रस्त्याच्या बाहेर घ्यावी. त्यांचा फ्यूज बहुधा वेगळा असल्याने ते लागतात. पुढच्या ट्रकच्या तांबड्या दिव्यांमागून घाट उतरण्याचे धाडस करू नये. तो पहिल्याच वळणाआड जातो.