ठराव आणि कायदा

बंदूक बाळगण्याच्या हक्काविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्याचा अनुभव शेतकरीबंधूंनीं ध्यानीं घेण्याजोगा आहे. सन २०१९ च्या निवडणुकींत विधिमंडळाचें बहुमत पालटतांच लोकांनीं सभागृहें भरून टाकून बहुतेक काउंटी-मंडळांकडून नव्या निर्बंधांविरुद्ध ठराव करून घेतले. २० जानेवारी २०२० रोजीं रिचमंड येथें सुमारें २२,००० लोक जमले. एक मोठें विधेयक सिनेटच्या समितींत अडलें. इतर कित्येक कायदे मात्र झालेच. ठराव म्हणजे मत, कायदा नव्हे.

परंतु उद्यानांत व स्थानिक इमारतींत बंदूक नेण्यास मनाई करावी कीं नाहीं, हें त्यांतील एका कायद्यानें स्थानिक मंडळांवरच सोंपविलें. तेव्हां गर्दी ओसरल्यावरही जो बैठकीस नित्य हजर राहील, त्याचेंच म्हणणें चालेल. संघटनेनें मोर्च्याइतकीच दप्तराची काळजी वाहावी, हें उत्तम.