भावजी, किल्ली तुमच्या घरात होती

प्रिय भावजी,

सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "गाडी त्यांची, किल्ली त्यांनी दिली, इन्शुरन्सही त्यांचाच. आमचा काय संबंध?" मी उत्तर द्यायला उठले, तर "हा तुमचा आपसातला विषय आहे" म्हणून सभा उरकण्यात आली. तुम्ही बोललात ते चारचौघांत, त्यामुळे माझं उत्तरही चारचौघांतच. तुमचं नाव मी लिहीत नाही, तुमच्या मुलाचं तर नाहीच. पण जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

तुमची गाडी गॅरेजला होती आणि तुमच्या घरच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तुम्ही गाडी मागितलीत, मी किल्ली तुमच्या हातात ठेवली. तुमच्याकडे लायसन्स आहे, तुमचा हात बसलेला आहे आणि काम आजींचं होतं. शेजारधर्म म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? रात्री आजी सुखरूप घरी आल्या आणि तुमचा फोन आला, "वहिनी, आता उशीर झालाय, किल्ली सकाळी आणून देतो." ती किल्ली रात्रभर तुमच्या हॉलमध्ये टीव्हीखालच्या ट्रेमध्ये पडून होती. हे मला दुसऱ्या कोणी नाही, तुमच्या घरातल्या ताईंनीच रडत रडत सांगितलं.

पहाटे तुमच्या अकरावीतल्या मुलाने ती उचलली, दोन मित्रांना घेतलं आणि गंगापूर रोडला गाडी काढली. आनंदवल्लीच्या पुढे त्याने रात्रपाळी संपवून सायकलवर घरी निघालेल्या एका वॉचमनला मागून उडवलं. तिन्ही मुलं गाडी तिथेच टाकून पळाली. पेपर टाकायला निघालेल्या पोरांनी 108 ला फोन केला, म्हणून तो माणूस वाचला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं आहे, आत रॉड घातला आहे. पंचनाम्याला मला बोलावलं तेव्हा सायकलचं मागचं चाक माझ्या गाडीच्या बंपरखाली वाकून अडकलेलं होतं. रस्त्याच्या कडेला स्टीलचा डबा उघडा पडला होता आणि त्यातली अर्धी उरलेली भाकरी मातीत गेली होती. गाडीच्या मागच्या सीटवर तुमच्या मुलाची क्लासची बॅग होती.

अपघात मी समजू शकते. पोराचं वय मी समजू शकते. मला जे समजत नाही आणि जे मनातून जात नाही, तो तुमचा त्या सकाळचा फोन. मुलगा घरी पळत आला, तुम्हाला सगळं कळलं आणि तुम्ही पहिला फोन मला केलात. रुग्णवाहिकेला नाही, पोलिसांना नाही. "वहिनी, तुमच्याकडे लायसन्स आहे. गाडी तुम्ही चालवत होतात असं सांगा. इन्शुरन्स मिळून जाईल, पोराचं करिअर वाचेल." तो माणूस जिवंत आहे की गेला, हेही तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत. मी नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही फोन ठेवलात, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंत.

आणि आता तुम्ही सांगत फिरता की किल्ली मी मुलाला दिली.

भावजी, या एका वाक्याचा कायद्यात काय अर्थ होतो ते तुम्हाला माहीत नसेल असं मला वाटत नाही, तरी सांगते. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 199-अ आलं. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, शिकाऊसुद्धा नाही. मुलाने गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय गृहीत धरून चालतं. आपल्याला काहीच माहीत नव्हतं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे ज्याचं त्याने सिद्ध करायचं असतं. म्हणजे "किल्ली त्यांनी दिली" हे तुमचं वाक्य मला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं आणि तुम्हाला बाहेर काढतं. तुम्ही ते बोललात ते याचसाठी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दुसरं कारण मला सापडत नाही.

पैशाचं तर याहून अवघड आहे. विमा कंपनीने मला कळवलं की चालकाकडे लायसन्स नव्हतं, त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा बसत नाही. ते पॉलिसीत लिहिलेलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वॉचमनने अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणात दावा लावला तर अशा प्रकरणांत बहुधा होतं ते असं की कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यायची आणि मग ती मालकाकडून वसूल करायची. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. अल्पवयीन मुलाने नात्यातल्या माणसाची मोटारसायकल न विचारता नेली होती, तरीही कंपनीला मालकाकडून वसुलीचा हक्क राहिला. जखमी माणसाला पैसे आधी मिळतात, हे या व्यवस्थेतलं सगळ्यात माणुसकीचं कलम आहे आणि मला ते मान्य आहे. पण केवळ बाप आहे म्हणून भरपाईचा बोजा आपल्याकडे बापावर आपोआप येत नाही. तो येतो आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याच्यावर. म्हणजे मुलगा तुमचा, किल्ली तुमच्या ट्रेमध्ये, आणि वसुलीची नोटीस माझ्या दारावर. हे तुम्हाला वकिलाने सांगितलं असणार, म्हणूनच "आमचा काय संबंध" हे शब्द इतक्या सहज आले.

आता संबंध काय तो सांगते. तुमच्या मुलाला गाडी कोणी शिकवली? दर रविवारी मोकळ्या मैदानात तुम्हीच त्याला तुमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसवत होतात. त्याचा व्हिडिओ तुम्ही व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवला होतात, खाली लिहिलं होतंत, "आमचा पठ्ठ्या तयार!" सोसायटीत दुपारच्या वेळी तो तुमची गाडी मागेपुढे करून लावायचा आणि तुम्ही गॅलरीतून कौतुकाने बघायचात. सोळा पूर्ण झालेल्या मुलाला कायदा फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवू देतो, तीही लायसन्स काढून. चारचाकी नाहीच. त्याला ती चालवता येते आणि चालवली तर बाबा रागावत नाहीत, हे दोन्ही धडे त्याला तुम्हीच दिलेत. त्या पहाटे त्याने किल्ली चोरली असं मी मानत नाही. इतक्या दिवसांत जी मुभा तुम्ही त्याला दिली होती, ती त्याने माझ्या गाडीवर वापरली.

तुम्हाला आठवतं का, 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनिअर मारले गेले? त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घ्यायला दबाव आणल्याचा आरोप झाला. आपल्या ग्रुपवर तेव्हा सगळ्यात कडक शब्द तुमचे होते. "पोराला सोडा, आधी बापाला आत टाका." मी त्या मेसेजला हात जोडले होते. आज मला विचारायचं आहे की त्या सकाळी तुम्ही मला जे करायला सांगितलंत, ते त्या आरोपापेक्षा वेगळं कसं? तिथे ड्रायव्हर होता म्हणतात, इथे शेजारीण होती. तिथे श्रीमंती होती, इथे ओळख होती. मागणं एकच होतं, दुसऱ्याने आपल्या पोराचा गुन्हा स्वतःच्या नावावर घ्यावा.

तुमचा मुलगा वाईट नाही. तो माझ्यासमोर वाढला, मला काकू म्हणतो, गणपतीत आरतीचं तबक घेऊन दारोदार तोच फिरतो. अपघातानंतर तो मला जिन्यात भेटला आणि मान खाली घालून बाजूला झाला. त्याला रडू फुटत होतं. त्याला बोलायचं होतं, पण तुम्ही त्याला बजावून ठेवलं आहे की काकूंशी एक शब्द बोलायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला आपला कायदा गुन्हेगार म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो आणि त्याला सावरण्याची संधी देतो. मला ती संधी योग्य वाटते, आणि ती त्याला मिळावी असं मनापासून वाटतं. पण सावरण्याची सुरुवात खरं बोलण्यापासून होते. त्या दिवशी सकाळी तुमच्या फोनवरचं बोलणं त्याने शेजारी उभं राहून ऐकलं. माणूस रस्त्यावर पडलेला असताना आपले बाबा आधी कोणाचं नाव पुढे करता येईल ते शोधतात, हे त्याने पाहिलं. बाल न्याय मंडळ त्याला जे काही शिकवेल, त्यापेक्षा हे त्याच्या मनात खोल गेलं असेल, याची मला भीती वाटते.

त्या वॉचमनला मी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये भेटून आले. घरात कमावता तो एकटा आहे. पाय किती महिन्यांनी जमिनीला टेकेल ते डॉक्टरांनाही आज सांगता येत नाही आणि नोकरी कंत्राटी, त्यामुळे न गेलेल्या दिवसाचा पगार नाही. त्याच्या बायकोने मला विचारलं, "त्या पोराचे आई-वडील कोण?" मी सांगितलं नाही. ते तुम्ही स्वतः जाऊन सांगायला हवं.

मला तुमच्याकडून माझ्या गाडीचे पैसे नकोत. गाडी लोखंडाची आहे, ती दुरुस्त होईल किंवा भंगारात जाईल. मला हवं ते एवढंच. पोलिसांत जाऊन किल्ली कोणाकडे होती, कुठे ठेवली होती, याचा खरा जबाब द्या. न्यायाधिकरणाची वाट न बघता त्या माणसाचा औषधोपचार आणि बुडालेला पगार आजपासून तुमच्या खिशातून द्या, कारण कायद्याने आज ती तुमच्यावर टाकलेली नसली तरी ती जबाबदारी तुमचीच आहे. आणि मुलाला बरोबर घेऊन सिव्हिलमध्ये जा. त्या माणसासमोर उभं राहून त्याला माफी मागू द्या, वकील नको म्हणाला तरी.

हे पत्र वाचणाऱ्या इतर आई-वडिलांनाही सांगते. पोराला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत किल्ली उघड्यावर ठेवू नका, स्वतःच्या गाडीची नाही आणि मागून आणलेल्या गाडीची तर मुळीच नाही. मैदानात गंमत म्हणून स्टिअरिंग हातात देऊ नका. आणि कधी अघटित घडलंच, तर पहिला फोन 108 ला करा.

भावजी, पोलिसांनी मला येत्या सोमवारी जबाबाला बोलावलं आहे. मी खरं सांगणार आहे, तुमच्या विरुद्ध म्हणून नाही, खरं आहे म्हणून. तुम्हीही या, आणि मुलाला घेऊन या.

तुमची शेजारीण