महाधमनीला स्टेंटचा आधार. पण नानाखेड्याहून इंदूर गाठायचं कसं?

उज्जैन : नानाखेड्याच्या बसस्थानकापासून इंदूर साधारण ५५ किलोमीटर. रस्ता सहापदरी होतोय. २०२८ च्या सिंहस्थाला खानदेशातून इंदूरमार्गे येणाऱ्या गाड्याही याच रस्त्याने येणार. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वेगातली गाडी एकदम थांबली की छातीच्या आत एक घात होतो, जो बाहेरून दिसतही नाही.

हृदयातून निघणारी महाधमनी कमानीत थोडी हलती असते, पुढे पाठीच्या कण्याला बांधलेली. जोराचा धक्का बसला की याच सांध्यावर ती फाटते. अशा जखमींपैकी बहुतेकजण जागीच जातात. जे दवाखान्यापर्यंत पोचतात, त्यांचा हिशेब मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदलला.

पूर्वी छाती उघडून धमनी शिवावी लागे. आता मांडीच्या धमनीतून कापडाचं अस्तर असलेली जाळी वर नेऊन फाटलेल्या जागी उघडतात. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांच्या संघटनेचे दोन अभ्यास १९९७ आणि २००८ मध्ये आले. पहिल्यात सगळ्या शस्त्रक्रिया छाती उघडूनच झालेल्या. दुसऱ्यात १९३ पैकी १२५ जणांना स्टेंट. मृत्यू २२ टक्क्यांवरून १३ वर आले. कमरेखाली लुळं पडण्याचं प्रमाण ८.७ वरून १.६ टक्के. रुग्ण कमावता असेल तर घराच्या दृष्टीने हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोठा.

खात्याची दुसरी बाजूही आहे. त्याच अभ्यासात स्टेंटवाल्या दर पाचांपैकी एकाला स्टेंटमुळेच त्रास झाला. कुठे गळती, कुठे जाळी नीट न बसणं. नंतर साधनं सुधारली, तरी रुग्ण तरुण असला तर वर्षानुवर्षे सीटी स्कॅन करत राहावं लागतं. हे डिस्चार्जच्या दिवशी कोण लक्षात ठेवतं?

खरी अडचण आधीची आहे. हाडं मोडलेली दिसतात, धमनी दिसत नाही. ती कॉन्ट्रास्ट टाकून केलेल्या सीटीतच कळते. कळल्यावर रक्तदाब औषधाने खाली ठेवला तर बऱ्याच रुग्णांना मोठ्या केंद्रात हलवायला काही तास मिळतात. म्हणजे पहिल्या दवाखान्याने शंका घेतली का, यावर पुढचं सगळं.

आणि पैसा. केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार देते, गाडी वा माणूस कुठल्याही राज्याचा असो. पण योजनेत नसलेल्या दवाखान्यात फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरता. या स्टेंटची नुसती किंमतच काही लाखांत जाते, तिथे दीड लाख कुठे पुरणार? आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच, तेही राज्याबाहेरच्या संलग्न दवाखान्यात चालतं. मात्र हा स्टेंट तिथल्या पॅकेजात बसतो का, हे जळगाव-धुळ्याहून आलेल्या नातेवाइकांनी दाखल करतानाच काउंटरवर विचारलेलं बरं.