घर घ्या, पण नाव लपवून नको!

मागच्या रविवारी आमच्या कार्यालयात एक तरुण आला. महानगरातल्या एका खासगी कंपनीत हिशेब विभागात कामाला. जयभीम करून बसला आणि पिशवीतून एक वही काढली. वहीत तीन घरांची माहिती टिपलेली होती. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात. चौदा महिन्यांनी निवृत्त होणार आणि निवृत्त झाले की क्वार्टर सोडावे लागणार. ज्या खोलीत हा जन्मला, वाढला, बी. कॉम. झाला, तिला कुलूप लावून किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवायची. तो म्हणाला, "साहेब, आईला आपली माणसं शेजारी हवीत, बायकोला स्टेशन जवळ हवं, वडिलांना कर्ज नको. आणि मला काय हवं तेच कळत नाही. आधी काय बघायचं?"

त्याचा प्रश्न आज आंबेडकरी समाजातल्या हजारो घरांतला आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या पुण्याईने आमची एक पिढी शिकली, नोकरीला लागली. परंतु ती पिढी क्वार्टरमध्ये, चाळीत किंवा झोपडपट्टीत राहिली. रेल्वे, गोदी, गिरणी, महापालिका यांच्या खोल्यांत आमचे संसार झाले, पण त्या खोल्या आमच्या नव्हत्या. सफाई कामगारांच्या वसाहतीत तर याहून भयंकर सत्य दडलेले आहे. क्वार्टर हातचे जाऊ नये म्हणून शिकलेल्या मुलाला बापाच्या जागी वारस म्हणून लावले जाते. घर टिकवण्यासाठी मुलाच्या हातात झाडू! ज्यांना आजोबांचे घर मिळाले, त्यांना या वेदनेची कल्पना येणार नाही. त्यांची एखादी खरेदी फसली तर पाय टेकायला गावचा वाडा असतो. आमची फसली तर फंड, ग्रॅच्युइटी आणि पत्नीचे चार तोळे एका सहीत बुडतात. म्हणून आधी काय बघायचे हे आम्हाला इतरांपेक्षा अधिक कठोरपणे ठरवावे लागते.

त्याच्या वहीतले तिसरे घर सर्वांत स्वस्त होते. अठरा लाख, दोन खोल्या, नवी कोरी इमारत. "बिल्डर म्हणतो रजिस्ट्रेशन करून देतो. फक्त बँकेचं कर्ज होणार नाही, आमच्या ओळखीच्या फायनान्सचं करून देऊ." आम्ही त्याला वहीचे ते पान तिथल्या तिथे फाडायला सांगितले. ज्या इमारतीवर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देत नाही, ती इमारत बँकेच्या वकिलाने तपासून नाकारलेली असते, किंवा तपासायला कागदच नसतात. उपनिबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे इमारत कायदेशीर झाली, हा आमच्या समाजातला सर्वांत महाग गैरसमज आहे. नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारती आठवा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर त्या उभ्या केल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. बांधणारा केव्हाच पैसे घेऊन मोकळा झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली, १७ माणसे गेली. तिचे नाव रमाबाई अपार्टमेंट. माता रमाईचे नाव वाचून जीव हळहळतो. पण पाटीवरचे नाव पायाखालच्या सिमेंटची हमी देत नाही.

कुणी म्हणेल, आता रेरा कायदा आहे. आहे, आणि तो उपयोगाचा आहे. २०१६ चा हा कायदा बिल्डरला ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के भाग त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ देत नाही. कारपेटच्या हिशेबाने क्षेत्रफळ सांगायला लावतो. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. परंतु कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून रेराचा नंबर मिळवला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून रेराचा नंबर पाहून थांबू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा, बांधकाम परवानगीचा क्रमांक दाखवा, तो खरा आहे का ते विचारा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या घरात पूजापाठ करून राहणारे पुष्कळ आहेत, आपण वंदना घेऊन राहू नये. याला दोन रजा आणि काही हजार रुपये खर्च होतील. लग्नाच्या मंडपावर लाखभर उधळणाऱ्या समाजाला ते जड जाऊ नयेत.

आता उरली दोन घरे. खरा पेच इथेच आहे.

पहिले बदलापूरला. वस्ती आपली, विहार पाच मिनिटांवर, खोली मोठी, किंमत तीस लाखांच्या आसपास. स्टेशनला रिक्षा आणि पुढे गाडीत दीड तास उभे. दुसरे कल्याणला. तेवढ्याच पैशात लहान खोली, पण स्टेशन चालत, मुलीसाठी शाळा समोर, इमारत जुनी आणि कागदपत्रे स्वच्छ. अडचण एकच. दलालाने जिन्यात थांबवून हळूच सांगितले, "सेक्रेटरीसमोर फक्त नाव सांगा, आडनाव मी सांभाळतो. गाव विचारलं तर नाशिक म्हणा."

हे वाक्य आमच्या किती वाचकांनी ऐकले असेल! 'आडनाव काय', 'पूर्ण नाव सांगा', 'गाव कुठलं', 'तुम्ही व्हेज ना?' असे हे प्रश्न येतात. जात हा शब्द कुणी उच्चारत नाही आणि काम मात्र होऊन जाते. हे आमच्या मनाचे खेळ नाहीत. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावाने घर मागणाऱ्यांना नकार किंवा जाचक अटी कशा मिळतात, हे त्यात दिसले. त्याआधी २०१२ मध्ये सात महानगरांवरील एका अभ्यासाने दाखवून दिले होते, की आमच्या शहरांत माणसे श्रीमंती-गरिबीने जेवढी वेगळी राहतात, त्याहून अधिक जातीने वेगळी राहतात. गावाच्या वेशीबाहेरचा महारवाडा शहरात आला आणि त्याने लिफ्ट बसवून घेतली, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी हे भोगले आहे. १९१७ साली परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. सामान आवरून बाहेर पडावे लागले, शहरात कुणी आसरा दिला नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. नाव लपवून मिळालेले छप्पर अकरा दिवस टिकते! आजही ज्याने आडनाव झाकून फ्लॅट घेतला, त्याला १४ एप्रिलला दारात निळा झेंडा लावताना हात थरथरतो. आमचे काही शिकलेसवरलेले बांधव हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये नेतात. फोनवर 'जयभीम' म्हणताना दार लोटून घेतात. मुलीला सांगून ठेवतात, की मैत्रिणींना जात सांगू नकोस. त्यांच्यावर आम्ही रागावत नाही, कारण तो दोष आधी या व्यवस्थेचा आहे. पण पंचवीस-तीस लाख मोजून, वीस वर्षे हप्ते भरून आपण आपल्याच घरात चोरासारखे राहायचे असेल, तर हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा?

मग सरळ आपल्या वस्तीतच घर घ्यावे का? या प्रश्नाला बाबासाहेबांचे एकच उत्तर आहे असे समजणारे त्यांना अर्धे वाचतात. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्येही ती मागणी आहे. गावगाड्याच्या तावडीतून सुटायचे तर आपली संख्या, आपली जमीन, आपले बळ एका जागी हवे, हा त्यामागचा विचार. परंतु स्वतःचे घर बांधायची वेळ आली तेव्हा तेच बाबासाहेब परळच्या चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत गेले. १९३० च्या दशकाच्या आरंभी 'राजगृह' उभे राहिले ते ग्रंथांना प्रशस्त जागा हवी म्हणून. नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे, आणि ते उघड्यावर, दर्शनी भागात! वस्तीत राहा किंवा वस्तीबाहेर राहा, त्यांनी नाव कुठेच झाकले नाही.

आमचे मत म्हणून सांगायचे तर विहार जवळ हवा हे खरे, पण विहार रविवारचा असतो आणि शाळा रोजची असते. आईचे एकटेपणही खरे आहे. दुपारी जिच्या दारात बसून दोन सुखदुःखाच्या गोष्टी बोलता येतील अशी शेजारीण नसेल, तर टाइल्सची फरशी काय चाटायची? तरीही रोज तीन तास गाडीत लोंबकळणारा बाप मुलीचा अभ्यास कधी घेणार? परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा आधी लेकाला झोपवत आणि मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवत. त्यांच्याकडे जागा नव्हती, वेळ होता. बदलापूरच्या घरात जागा आहे, वेळ नाही. म्हणून आमचा कल कल्याणकडे आहे, पण एका अटीवर. त्या घराच्या दारावर पूर्ण नावाची पाटी लागली पाहिजे.

आणि सोसायटीने नाकारले तर? कायदा या ठिकाणी जितका मजबूत असायला हवा तितका नाही, हे मान्य करू. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी आहेत, घर नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरले. त्या निकालाच्या आडून प्रस्थापितांच्या संस्थांना बळ मिळाले. तरीही आपले हात रिकामे नाहीत. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा तेथे राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे सभासदत्व नाकारले तर कारण लेखी मागता येते, निबंधकाकडे दाद मागता येते. लेखी मागा! तोंडी नकार देणाऱ्याची जीभ कागद पाहिला की वळते. ज्यांनी घर विकायला काढले आहे त्या मूळ मालकालाही सोबत घ्या. त्याला पैसे हवे आहेत, सेक्रेटरीचे सोवळे नको आहे.

कर्जाबद्दल वडिलांची भीती अनाठायी नाही. चोवीस लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २०,८०० रुपये येतो आणि एकूण भरणा जवळपास ५० लाख होतो. तेच पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता २,८०० रुपयांनी वाढतो आणि भरणा साडेसात लाखांनी कमी होतो. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केला आहे. बोनस आला की तो कर्जात टाका, मोटारसायकल थांबू शकते. वडिलांचा फंड मात्र सगळा घरात ओतू नका, म्हाताऱ्या माणसाच्या हातात पैसा राहू द्या. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींना ११ टक्के आणि जमातींना ६ टक्के घरे राखीव असतात. तिथेही अर्ज टाकत राहा, जातीचा दाखला घरात तयार ठेवा. आणि खरेदीखत पत्नीच्या नावे करा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. पण सवलत नसती तरी आम्ही हेच सांगितले असते. स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्कासाठी ज्यांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांचे अनुयायी आपण. सातबारा आणि इंडेक्स टूवर बायकोचे नाव घालताना आमचा हात का अडखळावा?

त्या तरुणाने हे सगळे वहीत उतरवून घेतले. मग दलालाला आमच्यासमोरच फोन लावला आणि सांगितले, की सेक्रेटरींना भेटायचे आहे, पूर्ण नाव आणि गाव मी स्वतः सांगेन. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. भेट येत्या रविवारी सकाळी अकराला ठरली आहे. त्याची पत्नी आणि आई येणार आहेत, आम्हीही सोबत जाणार आहोत. काय घडते ते याच स्तंभात कळवू.