रात्री अकरानंतरचा ऑक्सिजन

कॉमन रूममधला फिश टँक मागच्या सेमिस्टरला रिकामा का झाला, यावर मेसमध्ये बऱ्याच थिअरी ऐकल्या. कुणी म्हणालं, कुणीतरी टँकमध्ये मॅगी टाकली. कुणी म्हणालं, बोअरचं पाणी बाधलं. खरं सांगतो, मासे मी मारले. म्हणजे मी आणि हॉस्टेलच्या मेन स्विचने मिळून.

झालं असं की टँकमधली झाडं पिवळी पडत होती. मी नेटवर वाचून जुगाड केला. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, त्यात साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट. झाकणाला भोक पाडून त्यात सलाईनची नळी. साखर आंबते, कार्बन डायऑक्साइड निघतो, टँकमध्ये जातो, झाडं खूश. आठवडाभर झाडं खरंच खूश होती. पानांवर बारीक बुडबुडे चमकायचे, बाजूच्या विंगमधली पोरं बघायला यायची. मग एके दिवशी सकाळी सात वाजता अकरा मासे उलटे तरंगत होते. उरला एक गुरामी, पाण्याबाहेर तोंड काढून.

झाडं उजेडात कार्बन डायऑक्साइड घेतात, ऑक्सिजन सोडतात. अंधारात नुसता श्वास घेतात, म्हणजे तीही ऑक्सिजनच खातात. हे आपण शाळेत पाठ केलंय, पेपरात लिहून मार्कही घेतलेत. पण यीस्टच्या बाटलीला स्विच नसतो, ती रात्रभर वायू सोडतच राहते, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आणि आपला एअर पंप? बुडबुडे बघायला छान वाटतात म्हणून तो दिवसभर चालू, आणि रात्री अकराला मेन स्विच पडला की बंद. सगळं बरोबर उलटं!

थोडं हेन्रीच्या नियमाकडे येतो, कंटाळू नका. २५ अंशाला हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. झाडांचे शौकीन तो २० ते ३० पर्यंत नेतात. लोकांना वाटतं, एक वायू वाढला की दुसरा कमी होणारच. तसं नाही. ही काही एसटीची सीट नाही, की एक बसला म्हणून दुसरा उभा. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात. पण कार्बन डायऑक्साइड फार वाढला की माशाला रक्तातला वायू बाहेर टाकता येत नाही आणि त्याच्या रक्ताची ऑक्सिजन धरायची ताकदही घटते. पाण्यात ऑक्सिजन असूनही तो गुदमरतो. गुरामी वाचला, कारण तो वरची हवा थेट घेऊ शकतो.

आणि पंप पाण्यात ऑक्सिजन 'भरत' नाही. त्याचे बुडबुडे वरचं पाणी ढवळतात, आणि खरी देवाणघेवाण मुख्यतः तिथे होते, तीही दोन्ही दिशांनी. दुपारी झाडांनी पाण्यात जास्तीचा ऑक्सिजन केलेला असतो. तेव्हा पंप लावला तर तो ऑक्सिजनही उडतो आणि झाडांचा कार्बन डायऑक्साइडही. रात्री मात्र तोच पंप एक वायू आत आणतो, दुसरा बाहेर काढतो.

दिवाळीत पिशोरला घरी गेलो तेव्हा काकांना हे सांगितलं. अद्रकाच्या वावराजवळ त्यांचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. काका हसले. "काहून रे, इंजिनिअर होऊन राहिला अन् एवढं कळंना? पाणी हिरवंगार झालं की मासे पहाटंच वर येतात. दुपारी आलेले पाहिले का कधी?" मासे वर आले की ते मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात सोडतात. शेतीची लाईट रात्रपाळीची आली की अख्खं गाव शिव्या देतं, कारण अंधारात पाणी भरायला जावं लागतं. काकांच्या माशांना मात्र तीच पाळी मानवते!

माझं मत विचाराल तर आपल्या टँकला वेगळा कार्बन डायऑक्साइड लागतच नाही. बादलीवर पांढरा थर धरणारं आपलं बोअरचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं आहे, आणि हायड्रिला, वॅलिसनेरिया ही आपल्याकडचीच झाडं त्यातूनही कार्बन घेतात. लाल पानांच्या नाजूक झाडांची हौस असेल तर सिलिंडर, रेग्युलेटर घ्या आणि तो लाइटच्या टायमरवर चालवा. पण ती चैन झाली. यीस्टची बाटली तर मी पुन्हा लावणार नाही.

आता रेक्टर सरांना एक विनंती. वीज वाचवायला अकराला मेन स्विच पडतो, हे मान्य. पण एअर पंप फार तर पाच वॅटचा. रात्री आठ तास चालला तर महिन्याला १.२ युनिट, म्हणजे आमच्या विंगमध्ये एक चोरटी इस्त्री तासाभरात जेवढी वीज खाते, जवळपास तेवढीच (इस्त्री कुणाची ते विचारू नका). कॉरिडॉरची लाइन रात्रभर चालूच असते, तिच्यावरून एक सॉकेट काढून मिळावं. लाइट गेली तर चालेल असा बॅटरीवरचा छोटा पंप आम्ही वर्गणीतून आणू.

सॉकेट मिळेपर्यंत नवे मासे आणायचे नाहीत, असं ठरवलंय. गुरामी मजेत आहे. माशांच्या वर्गणीचे उरलेले पैसे माझ्याकडे आहेत. मेसच्या उधारीत अजून तरी गेलेले नाहीत.