पाणी दाखवणारे लोक

उन्हाळ्यात घरापुढच्या लॉनवर पाणी मारणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. लगेच खुलासा करतो, कारण आमच्या पुण्यात असं अर्धवट विधान करून माणूस स्वतःच्या फाटकापर्यंतही सुखरूप पोचत नाही. लॉनला पाणी घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. जमिनीत काही लावलं की त्याला पाणी घालावंच लागतं. माझं भांडण आहे ते पाणी 'दाखवणाऱ्यां'शी. देवापुढे ताट ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि तेच ताट उचलून आपण जेवायला बसायचं, याबद्दल आजवर कुठल्या देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. देव समंजस असतो. गवताला मात्र दाखवलेल्या पाण्यावर जगता येत नाही.

हा नैवेद्य दाखवायची वेळ ठरलेली असते. वैशाखातली दुपार, चार-सव्वाचार. पारा चाळिशीला टेकलेला. अशा वेळी बंगल्याचे मालक डुलकी काढून, चहा घेऊन, बर्मुडा नावाची ती ना धड आखूड ना धड लांब चड्डी घालून अंगणात उतरतात. पाइप हातात घेतात. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याचा पंखा करतात. त्यात एखादं लहानसं इंद्रधनुष्य दिसतं, मातीचा वास सुटतो, मालक "अहाहा" म्हणतात. पाती धुऊन निघतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला लॉन कसं टवटवीत दिसतं. दहा मिनिटांत कार्यक्रम आटोपतो. तेवढ्यात फरशीवर, कुंपणाच्या भिंतीवर आणि मोटारीच्या दोन चाकांवर जेवढं पाणी पडतं त्याच्या निम्मं गवताच्या वाट्याला आलं तरी ते गवत भाग्यवान. मग मालक समाधानाने खुर्चीत बसतात आणि पाण्याचा अपव्यय यावर वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचतात.

कुणाला शंका असेल तर त्याने त्या लॉनमध्ये बोट खुपसून पाहावं. वरची अर्धी पेरभर माती ओली लागेल. त्याखाली बोट जाणारच नाही. स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर तोही दीड इंचावर अडतो, कारण खाली गेल्या गुढीपाडव्यापासून पाण्याचा थेंब पोचलेला नाही.

थोडा हिशेब करू. आमच्या मध्यमवर्गाला हिशेब मांडला की बरं वाटतं, पटला नाही तरी. लॉन गुंठाभर धरा, म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. नळाला बरा जोर असेल तर पंधरा लिटरची बादली मिनिटभरात भरते. दहा मिनिटांत दीडशे लिटर. हे सगळंच्या सगळं गवतावर पडलं असं औदार्याने गृहीत धरलं, तरी थर जमतो दीड मिलिमीटरचा. रुपयाचं नाणं जेवढं जाड तेवढा. वैशाखातलं ऊन आणि वारा एवढं पाणी अंधार पडायच्या आत चाटूनपुसून घेतात. आठवडाभर हा सोहळा केला की हजार-साडेदहाशे लिटर पाणी जातं आणि त्यातलं मुळाच्या तोंडी पडतं ते चमचाभर.

मुळांचं पोरांसारखं आहे. खाऊ जिथे मिळतो तिथे ती घुटमळतात. वरच्या अर्ध्या इंचात रोज घोटभर पाणी मिळत असेल, तर खाली जाऊन कष्ट करायचं मुळांना कारण काय? ती वरच पसरतात, आणि वरची माती दुपारी तव्यासारखी तापते. मालक दोन दिवस मुलीकडे मुंबईला गेले की लॉन करपतं. मग माळ्यावर खापर फुटतं, नर्सरीवाल्यावर फुटतं. पाइपच्या तोंडावरच्या त्या अंगठ्याला कुणी काही म्हणत नाही.

खेड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो पिकाला पाण्याची पाळी देतो. एकदा देतो, पोटभर देतो आणि मग वाफसा येईपर्यंत वाट पाहतो. वाफसा हा मराठीतला एक फार शहाणा शब्द आहे. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, चिखल नाही आणि धूळही नाही, अशी ती अवस्था. मुळांना याच अवस्थेत श्वास घेता येतो. आपण शहरात येताना लोणच्याच्या बरण्या आणल्या, पितळी डबे आणले आणि हा शब्द तेवढा गावी ठेवून आलो.

लॉनलाही पाळीच लागते. उन्हाळ्यात ते हिरवं ठेवायचं असेल तर आठवड्याला इंच-दीड इंच पाणी, तेही दोन हप्त्यांत. इंच कसा मोजायचा म्हणून घाबरून जायला नको. चार सरळ भिंतींचे रिकामे डबे लॉनवर इकडेतिकडे ठेवावेत, फवारा सुरू करावा आणि डब्यात अर्धा-पाऊण इंच पाणी साठायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहून ठेवावं. एकदाच. सुनेने विचारलं "बाबा, डबे कशाला ठेवलेत?" तर शास्त्रीय प्रयोग चालू आहे असं सांगावं, तेवढीच घरात पत वाढते. बऱ्याच बंगल्यांत बिल्डरने खाली मुरूम दडपून वर दोन-चार इंच लाल माती पसरलेली असते. तिथे पाणी जिरायच्या आधीच वाहून गटाराकडे निघतं. अशा ठिकाणी दहा मिनिटं पाणी सोडावं, अर्धा तास थांबावं, पुन्हा दहा मिनिटं सोडावं. आणि गवत कापताना त्याचा चकोट करू नये. थोडं उंच राहू द्यावं, एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त छाटू नये. उंच पात्याची सावली मातीवर पडते आणि ओल टिकते.

वेळ मात्र एकच, पहाटेची. चार ते सात-साडेसात. तेव्हा वारा पडलेला असतो, माती निवलेली असते, आणि मुळांपर्यंत पाणी पोचायला निवांतपणा असतो. दुपारी घातलं तर वाफ होऊन जातं. रात्री घातलं तर पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरते. 'दुपारी घातलं तर थेंबांच्या भिंगाने पाती जळतात' असंही एक शास्त्र आमच्याकडे सांगितलं जातं. ते खोटं आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली प्रयोग करून पाहिलं, तर गुळगुळीत पात्यावरच्या थेंबाने काही जळेना. तेव्हा दुपारी पाणी घालू नये हा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. आमच्या कितीतरी रूढींचं असंच आहे, असो.

मग पहाटे पाणी का घातलं जात नाही? इथे गोष्ट जराशी अडचणीची होते. जिथे मालक स्वतः पाइप धरत नाहीत तिथे पाणी माळी घालतो, आणि सोसायट्यांमध्ये तर तोच घालतो. एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी अशीच माहिती मिळवून माळ्याला फर्मावलं, "मामा, उद्यापासून पहाटे पाचला येत जा. लॉनला पहाटेचं पाणी मानवतं."

मामा म्हणाले, "साहेब, पहाटे आमचं पाणी असतं."

पुण्यामुंबईच्या कुठल्याही वस्तीत राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. पहाटे तासभर नळ येतो. तेव्हा घरातलं एक माणूस हंडे-कळशा घेऊन तिथे उभं राहावं लागतं, आणि न राहिलं तर दिवसभराचं पाणी चुकतं. म्हणजे गवताला पाणी मानवायची वेळ आणि मामांच्या घरी पाणी येण्याची वेळ एकच. मामा घरचं पाणी भरतात, दुसऱ्या दोन ठिकाणची कामं उरकतात आणि दुपारी चारला तुमच्या लॉनवर पोचतात. दोन हंडे पाण्यासाठी पहाटे ओळीत उभा राहिलेला माणूस दुपारी दीडशे लिटर पाणी उन्हात उडवतो. हे त्याच्याकडून आपण करवून घेतो आणि वर 'या लोकांना पाण्याची किंमत नाही' असंही आपणच म्हणतो.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. पहाटे पाचला बुटांच्या नाड्या बांधून टेकडीकडे निघणारी ज्येष्ठ मंडळी प्रत्येक सोसायटीत डझनावारी असतात. त्यांच्यापैकी दोघांनी आठवड्यातून दोन दिवस टेकडीऐवजी लॉनची प्रदक्षिणा करावी आणि पाइप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवावा. मी हा उपाय एकदा बोलून दाखवला तेव्हा सभेत एकाएकी बऱ्याच जणांच्या गुडघेदुखीचा विषय निघाला.

आता खरी मेख. रीतसर पाणी घालायचं म्हटलं, तर गुंठाभर लॉनला एक इंच म्हणजे अडीच हजार लिटर लागतं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी दंडक आहे. त्या हिशेबाने हे अठरा माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. सोसायटीचं लॉन पाच गुंठे असेल तर आठवड्याला साडेबारा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर चतकोर. हे कमीत कमी. दीड इंच म्हटलं की दीडपट. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाशी असूनही मे महिन्यात आमच्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर पाणी ओतत उभा असतो. फाटकाच्या आत फवारा चालू असतो. दोघांमध्ये वॉचमन बसलेला असतो, आणि त्याला यात काही विनोद दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की द्यायचं तर पोटभर द्या, आणि तेवढं पाणी नसेल तर लॉनला सरळ उपास घडू द्या. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र ज्या सोसायटीत खरोखर चालतं (नुसतं दाखवायला बसवलेलं नाही), तिथे त्या पाण्यावर लॉन खुशाल हिरवं ठेवावं. बाकीच्यांनी पिवळं होऊ द्यावं.

'पिवळं' म्हटलं की लोकांचे चेहरे उतरतात. जणू घरात कुणाला कावीळ झाली. अहो, पिवळं पडलेलं गवत मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक लॉनांतलं मूळ गवत म्हणजे हरळी. गणपतीला वाहतो तेव्हा तिला दूर्वा म्हणतात आणि नर्सरीत विकत घेतो तेव्हा बर्मुडा ग्रास. (मालकांची चड्डी आणि गवत यांचं नाव एकच निघावं, हा योगायोग नाही असा मला संशय आहे.) या हरळीची ख्याती शेतकऱ्याला विचारा. उन्हाळी नांगरट करून, तिच्या काश्या उन्हात उघड्या टाकून, वेचून वेचून तो बिचारा थकतो, आणि पहिल्या पावसाबरोबर ती बांधाकडून पुन्हा हसत येते. जी बया दोन महिने नांगराला आणि उन्हाला दाद देत नाही, ती तुम्ही पंधरा दिवस पाइप धरला नाही म्हणून प्राण सोडेल? अगदीच जीव कासावीस होत असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा इंच पाणी द्या. तेवढ्यावर ती जूनपर्यंत पडून राहते. फक्त झोपलेल्या गवतावर बॅडमिंटन खेळू नका. मेक्सिकन म्हणून गालिच्यासारखं गुंडाळून मिळणारं नवंकोरं लॉन एवढं सोशिक नसतं हे खरं. पण ते मार्चमध्ये अंथरायला कुणी सांगितलं होतं? गवत पावसाळ्यात लावायचं असतं. मार्चमध्ये विकणारे विकतात, कारण मार्चमध्ये घेणारे घेतात.

ही लॉनची हौस जिथून आली त्या इंग्रजांकडे तरी पाहा. त्यांच्याकडे बारा महिने रिमझिम, त्यामुळे गवत वाढवणं हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता, प्रश्न कापण्याचा होता. म्हणून तर १८३० साली बडिंग नावाच्या त्यांच्या एका यंत्रज्ञाने गवत कापायचं यंत्र काढलं. त्या इंग्लंडात २०२२ च्या जुलैत पारा प्रथमच चाळीसच्या वर गेला, ऑगस्टमध्ये बऱ्याच भागांत पाइपने बागेला पाणी घालायला बंदी झाली, आणि साहेबाचं जगप्रसिद्ध लॉन वाळून गव्हाच्या काडासारखं झालं. साहेबाने चहा घेतला, आभाळाकडे पाहिलं आणि गप्प बसला. पाऊस आल्यावर गवतही आलं. साहेबाच्या अंगणात जे पिवळं चालतं ते आमच्या चेअरमनसाहेबांना चालत नाही.

आणि आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच सुमाराला क्रिकेटच्या मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यातले आयपीएलचे सामने, एखादा अपवाद सोडला तर, महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. अंतिम सामनासुद्धा मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. क्रिकेटसाठी लग्नाचे मुहूर्त पुढे ढकलणाऱ्या या देशात गवताच्या पाण्यापायी क्रिकेट हलतं. मग तुमचं पाच गुंठ्यांचं लॉन, ज्याच्या चारी कोपऱ्यांत 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी आहे, ते दीड महिना पिवळं राहिल्याने कुणाचं काय अडणार?

"घर गार राहतं हो," असं एक जण म्हणाले. थोडं राहतं, नाकारत नाही. पण त्याच कोपऱ्यात एक कडुनिंब लावला असता, तर दहा वर्षांत त्याने याहून जास्त गारवा दिला असता आणि बसायलाही मिळालं असतं. त्यावर ते म्हणाले, "कडुनिंबाचा पाला पडतो. लॉन खराब होतं."